काळा कुत्रा, तीन पाय आणि भाद्रपद

शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालणारी माणसं पुण्यात काही कमी नाहीत. तेल लावलेली पोळी घेऊन सकाळी सकाळी काळं कुत्रं शोधत स्कूटरवर फिरणारे काका मी स्वतः बघितलेत, आणि ते कुत्रं आधीच्या काकांच्या पोळ्या खाऊन गाडीखाली आडवं पडलेलं असतं हेही बघितलंय. पण तेच कुत्रं घरी न्या, पाळा म्हणलं की सगळ्यांची साडेसाती एकदम संपते.

आम्ही अधूनमधून ज्या शेल्टरला जातो तिथल्या डॉक्टर मॅडम हेच सांगतात, की पांढरं-तपकिरी पिल्लू असेल तर अडॉप्शनच्या पोस्टवर पटापट फोन येतात, काळं असेल तर कमी, मोठं झालेलं काळं असेल तर त्याहून कमी आणि मोठं, काळं, वर तीन पायांचं असेल तर "बिच्चारा" एवढी कमेंट आणि हात जोडलेले इमोजी. (शेल्टरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव-पत्ता सगळीकडे झाला की लोक रात्री गेटवर खोक्यात पिल्लं ठेवून पळून जातात. मदत करायचीच असेल तर तुमच्या गावात, तुमच्या एरियात कोणीतरी हे काम करत असणारच, त्यांना करा.)

तर हा असा मोठा, काळा, तीन पायांचा म्हणजे मुकादम. रस्त्याचं काम चाललेलं तिथं डांबर टाकणाऱ्या माणसांबरोबर राहायचा, त्यांच्यातच खायचा, आणि एकदा डंपर रिव्हर्स घेत असताना मागचा डावा पाय गेला. त्या कामगारांनीच पोत्यात घालून आणला म्हणे, आणि नंतर काम पुढच्या गावाला सरकलं तसे तेही गेले. हा राहिला. आता शेल्टरमध्ये तांदळाचा टेम्पो आला की हा गेटवर हजर, एकेक पोतं उतरताना वास घेणार, उतरवणाऱ्याच्या मागं मागं आत जाणार, परत बाहेर येणार, पुढच्या पोत्यापाशी थांबणार. टेम्पो रिकामा झाल्याशिवाय जागचा हलत नाही. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही पण दुसरं कुठलं नाव शोभलंच नसतं.

मागच्या वर्षी, म्हणजे 2025 च्या श्रावणात, शेल्टरला नसबंदीच्या कामासाठी पैसे लागत होते आणि त्यांना ते भाद्रपदाच्या आत लागत होते. का ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, भाद्रपदातली कुत्री हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो पण त्यात कॅलेंडर आहे. भाद्रपदात जमतात, साधारण 63 दिवस पोटात, म्हणजे दिवाळीच्या आगंमागं गल्लीत पिल्लंच पिल्लं, आणि मग थंडीत पार्व्हो नावाच्या रोगानं आणि गाड्यांखाली त्यातली किती जगतात ते विचारू नका. एक मादी आधी पकडून ऑपरेशन केली की तो सगळा पुढचा सिनेमाच रद्द. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये मिळालेल्या रुपयाला डिसेंबरच्या रुपयापेक्षा जास्त किंमत असते.

मी चित्रं काढते एवढं डॉक्टर मॅडमना माहीत होतं. म्हणल्या, एखादं काढून द्या ना, लिलाव करू, पोस्टकार्डं छापू. कोणाचं काढू विचारलं तर म्हणल्या तुम्ही ठरवा, पण नेहमीचं ते केविलवाण्या डोळ्यांचं नको हं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं. कारण मला स्वतःला ते अजिबात चालत नाही. मदतीचं आवाहन म्हणलं की जखमेचा क्लोजअप, किडे पडलेले, सलाईन लावलेलं, खाली बॅकग्राउंडला बासरी. मान्य आहे की त्यानं पैसे येतात, आणि पैसे लागतातच, त्यामुळं टाकणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मुकादमाला कोणी बिच्चारा म्हणलेलं मला आवडत नाही, तो बिच्चारा नाहीये, तो ड्यूटीवर आहे.

कुत्र्यांच्या पोर्ट्रेटचा आणि संस्थांचा संबंध तसा जुना आहे. लंडनमध्ये एडविन लँडसीअर नावाचा चित्रकार होता, व्हिक्टोरिया राणीचा लाडका, त्यानं 1838 मध्ये रॉयल अकॅडमीत एक मोठ्ठं चित्र लावलं, धक्क्याच्या दगडावर बसलेला न्यूफाउंडलंड कुत्रा, मागं समुद्र, आणि नाव दिलं ह्युमेन सोसायटीचा एक मान्यवर सभासद. ही सोसायटी प्राण्यांची नव्हती बरं का, पाण्यात बुडणाऱ्या माणसांना वाचवणाऱ्यांची होती, आणि बुडणाऱ्यांना बाहेर काढणाऱ्या बॉब नावाच्या कुत्र्याची गोष्ट तेव्हा सांगितली जायची. गंमत म्हणजे चित्रात बसलेला कुत्रा बॉब नाहीच, पॉल प्राय नावाचा दुसऱ्याच कोणाचा तरी पाळलेला कुत्रा मॉडेल म्हणून बसवला होता! चित्राच्या छापील प्रती मात्र घरोघरी गेल्या आणि काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंडला आजही लँडसीअरच म्हणतात. मला त्या कुत्र्याचं बसणं आवडतं. रुबाबात बसलाय, कोणाकडं काही मागत नाहीये. (लँडसीअरची बाकीची काही चित्रं मात्र फारच रडकी आहेत, ती सोडा.)

आपल्याकडं म्हणाल तर दत्ताच्या फोटोतले चार कुत्रे. लहानपणी आमच्या देवघरातल्या फोटोवरून मी तेच काढत बसायचे, दत्त राहायचे बाजूला. चार वेद म्हणजे ते चार कुत्रे असं आजी सांगायची, आणि मी विचारायचे की यातला ऋग्वेद कुठला.

असो. मुकादमाकडं येऊ.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढून बघा एकदा. मोबाईलला कळतच नाही. एक तर बॅकग्राउंड पांढरंफटक आणि कुत्रा नीट, नाहीतर बॅकग्राउंड नीट आणि कुत्र्याच्या जागी कुत्र्याच्या आकाराचं भोक. फ्लॅश मारला की डोळे हिरवे चमकतात, कारण कुत्र्याच्या डोळ्यात मागं एक आरशासारखा पडदा असतो, अंधारात दिसायला उपयोगी पडतो तो, आणि मग तो मुकादम न राहता भुताच्या सिरियलमधला होतो. अडॉप्शनला काळे मागं राहतात त्यात अंधश्रद्धेचा वाटा आहेच पण मला वाटतं निम्मा दोष फोटोचा आहे. चेहराच दिसत नाही तर जीव कशावर जडायचा!

पुण्यातला श्रावण इथं कामाला आला. ढगाळ हवा, सगळीकडून सारखा मऊ उजेड, कडक सावली नाही. जमिनीवर त्याच्या नजरेच्या उंचीला बसायचं (म्हणजे चिखलात, जुनी पँट घालून जा), तोंड आभाळाच्या उघड्या बाजूला आणि एकानं माझ्या डोक्याच्या वर सुका बोंबील धरायचा. बोंबील ही आयडिया तिथं जेवण करणाऱ्या मावशींची. या मावशी अख्खा श्रावण कडक पाळतात, कांदा-लसूणसुद्धा बंद, आणि रोज पहाटे पातेलंभर कोंबडीचे पंजे आणि माना हळद घालून तांदळाबरोबर शिजवतात. मी विचारलं, मावशी, वासाचं काय करता. म्हणल्या, "श्रावण माझा हाय, त्यांचा कुठं?"

बोंबलाकडं मुकादमानं बघितलं, पण फक्त दोन मिनिटं. नंतर टेम्पो आला.

फोटो भरपूर मिळाले पण त्यापेक्षा जास्त कामाची गोष्ट म्हणजे तिथं बसून केलेली रेघोट्या-रेघोट्यांची स्केचेस. तीन पायांचा कुत्रा उभा कसा राहतो हे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवरच असतं, म्हणून पुढचा पाय गेला तर जास्त हाल, मागचा गेला तर ते लवकर सावरतात. आणि सावरतात म्हणजे काय करतात, तर उरलेला मागचा पाय जागा बदलतो, हळूहळू मध्ये येतो, शेपटीच्या बरोब्बर खाली, आणि छाती-खांदे भरतात. मुकादमाला पुढून बघितलं तर पैलवान वाटतो. मी जर चार पायांचा कुत्रा काढून त्यातला एक पाय पुसला असता तर चित्र पडलंच असतं, खरोखर डावीकडं कलंडलं असतं. कागदावर त्याचा तो मधला पाय जिथं पाहिजे तिथं टेकला आणि अख्खा कुत्रा उभा राहिला.

नुसतं तोंड काढावं का पूर्ण कुत्रा यावर घरी चर्चासत्र झालं. नवऱ्याचं म्हणणं नुसतं तोंड काढ, विकलं जाईल. लेकाचं म्हणणं पाय नसलेला दिसलाच पाहिजे, नाहीतर मुकादम कसा. मी लेकाच्या पार्टीत. पूर्ण उभा, तीन चतुर्थांश वळलेला, बाजूला एका पोत्याची कड, बस.

आता रंग. दुकानात काळा रंग मागितला की बहुतेक वेळा आयव्हरी ब्लॅक हातात देतात. ट्यूबवर बारीक अक्षरात पीबीके 9 असं लिहिलेलं असतं, तो म्हणजे जाळलेल्या हाडांचा कोळसा. पूर्वी हस्तिदंत जाळून करायचे म्हणून आयव्हरी, आता जनावरांची हाडं. रेस्क्यूच्या कुत्र्याचं पोर्ट्रेट हाडाच्या कोळशानं रंगवायचं हे काही मला पटेना. मग बघायला गेलं तर ब्रशसुद्धा, सेबलचा ब्रश म्हणजे एका मुंगुसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे केस, आणि चांगल्या वॉटरकलर पेपरला खळ देतात त्यात कित्येकदा जिलेटिन, म्हणजे पुन्हा तेच. एवढं सगळं पाळायचं ठरवलं तर बोटानं भिंतीवर काढायला लागेल, त्यामुळं मी माझ्यापुरतं जमेल तेवढं केलं, ब्रश सिंथेटिक घेतले, कागद घरात होता तोच 300 जीएसएमचा वापरला, आणि काळा विकतचा घेतलाच नाही.

तसाही नळीतला काळा कुत्र्याला लावू नये. मेल्यासारखा दिसतो, छत्रीच्या कापडासारखा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (भाजलेल्या विटेचा रंग म्हणा) समसमान घेऊन दाट कालवले की जो काळा होतो तो जिवंत असतो, कारण एका बाजूला निळा जास्त सोडला की तिथं आभाळ पडल्यासारखं वाटतं आणि एका बाजूला तांबडा जास्त सोडला की ऊन. आपली गावठी काळी कुत्री उन्हात बघा, काळी नसतातच, मानेवर आणि मांड्यांवर तांबूस झाक असते. मुकादमाच्या पाठीवर ढगांचा निळा-राखाडी, पोटाकडं चिखलाचा परत आलेला तपकिरी उजेड, आणि खरा कुट्ट काळा फक्त तीन-चार जागी, नाकपुड्या, डोळ्याच्या कडा, कानाची आतली घडी, तोंडाची रेघ. बाकी सगळा कुत्रा राखाडी, निळा आणि तांबडा आहे! लेकानं मधेच येऊन बघितलं आणि म्हणाला हा तर निळा कुत्रा झालाय, आणि त्या टप्प्याला तो निळाच होता. डोळ्याच्या कडा भरल्या तसा आपोआप काळा झाला.

केसांचं एक. एकेक केस काढत बसायचं नाही. केस नाकापासून मागं वाहतात, कपाळावर वर, गालावर खाली आणि मानेपाशी भोवरा, हे वळण धरून मोठे पट्टे टाकायचे, आणि अगदी शेवटी ब्रश कोरडा करून, बोटानं चपटा दाबून, फाकलेल्या टोकानं उजेडाच्या कडेला थोडं खरवडायचं. डोळ्यातला उजेडाचा ठिपका पांढरा शुभ्र ठेवला तर बाहुली दिसते. ढगाळ दिवस होता ना, मग ठिपका थोडा निळसर, वरच्या बाजूला, पापणीनं अर्धा कापलेला. आणि हनुवटीचे पांढरे केस, कारण मुकादम आता काही तरुण नाही, ते गॉशनं, म्हणजे दाट अपारदर्शक रंगानं, सगळं वाळल्यावर.

आता कान. या कानावरून जेवढं रामायण झालं तेवढं पायावरून नाही झालं.

मुकादमाच्या डाव्या कानाचं टोक व्ही आकारात कापलेलं आहे. मी तसंच काढलं. माझी मावशी घरी आली होती, तिनं चित्र बघितलं, आवडलं, आणि मग चष्मा वर करून म्हणाली, "अगं सगळं छान झालंय, तेवढा कान नीट करून टाक. पाय काय, गेलाय तर गेलाय. पण कान तरी चांगला दाखव. विकायचंय ना?"

मी तिला सांगितलं की मावशी, तो मारामारीत फाटलेला नाहीये, ती खूण आहे. नसबंदी करताना भुलीत असतानाच कानाचा तेवढा तुकडा काढतात, बहुतेक ठिकाणी डाव्या, म्हणजे लांबूनच कळतं की याचं झालंय, परत पकडून परत पोट फाडायला नको. पट्टा घातला तर पडतो, चोरतात, रंग लावला तर पावसात जातो. कान राहतो. तुझ्या आधार कार्डासारखं समज. ती म्हणाली आधार कार्डावर माझा फोटोसुद्धा असाच आलाय. पण तिला पटलं, आणि मग दुसऱ्या दिवसापासून ती फिरायला जाताना कान मोजायला लागली, मला फोन करून रिपोर्ट, मंदिरापाशी दोन कापलेले, भाजीवाल्यापाशी एक, दूध डेअरीपाशी एक न कापलेली आणि तिला लवकर बघा. सत्तरीतल्या बाईला फुकटात सर्व्हेला लावलं म्हणून नवरा मला बोलला.

आणि बरोब्बर याच दिवसांत, 11 ऑगस्टला, श्रावणी सोमवार होता तो, सुप्रीम कोर्टाचा दिल्लीचा आदेश आला की दिल्ली-एनसीआरमधली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका. आदेश दिल्लीचा आणि पेटली आमची सोसायटी. ग्रुपवर दोन तट. एका बाजूला रोज रात्री दहा वाजता मागच्या गल्लीत खायला घालणाऱ्या ताई, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या नातवाच्या मागं कुत्री लागली होती ते दुसऱ्या मजल्यावरचे काका, आणि मध्ये गुड मॉर्निंग पाठवणारे. मग 22 तारखेला, पोळ्याच्या सुमारास, मोठ्या खंडपीठानं तो आदेश बदलला, की नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन जिथून उचलली तिथंच सोडा, पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून, आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागी. म्हणजे थोडक्यात 2023 च्या एबीसी नियमांत आधीपासून जे होतं त्याच्याच जवळ गाडी परत आली. (एबीसी म्हणजे ॲनिमल बर्थ कंट्रोल. आमच्या ग्रुपवर एकांनी विचारलं की एबीसीला कुत्र्यांचं काय आहे, त्यांना अप्पा बळवंत चौक वाटला. पुणे आहे, चालायचंच.)

मी या भांडणात माझं चित्र टाकावं का नाही याचा विचार करत होते, नवरा म्हणाला मुळीच टाकू नको, पण मी टाकलं. खाली एवढंच लिहिलं की हा मुकादम, चित्र लिलावात आहे, पैसे थेट संस्थेच्या खात्यात, माझ्याकडं एक रुपया द्यायचा नाही, स्क्रीनशॉट तेवढा पाठवा.

पैशाचं थोडं सविस्तर सांगते कारण पुढच्या कोणाला तरी उपयोगी पडेल. पहिलं म्हणजे स्वतःच्या जीपेवर घेऊच नका, कितीही ओळखीचं असलं तरी. नंतर हिशेब देताना जीव जातो आणि नाही दिला तर लोक विचारत नाहीत पण मनात ठेवतात. दुसरं, माझी मावसबहीण सीए आहे, तिनं सांगितलं की चित्र घेऊन दिलेले पैसे ही खरेदी झाली, देणगी नाही, त्याची 80जी ची (देणगीवरच्या टॅक्स सवलतीची) पावती मागू नका, नुसती देणगी दिली तर मिळेल, ती पण 2000 च्या वर रोख असेल तर नाही, आणि नव्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर 80जी चा फायदाच नाही. हे आधीच लिहून टाकलं की निम्मे फोन वाचतात. तिसरं, ओळखीचे लोक भाव करतात. "आपलंच आहे ना, थोडं कमी कर." अरे बाबा, माझं कुठंय, मुकादमाचं आहे, त्याच्याशी बोला.

आणि चित्र चांगलं असलंच पाहिजे अशी काही अटही नाही हं. इंग्लंडमध्ये वर्दिंग गावात फिल हेकल्स म्हणून एकजण आहे, त्यानं 2020 मध्ये मुलाबरोबर बसून घरच्या कुत्र्याचं एक भयाण चित्र काढलं आणि गंमत म्हणून फेसबुकवर 299 पौंडांना विकायला असल्याची पोस्ट टाकली. लोकांनी खरंच आमच्याही कुत्र्याचं काढा म्हणून रांग लावली. हर्क्युल व्हॅन वुल्फविंकल असं भारदस्त नाव घेऊन त्यानं फुकट चित्रं काढली, डोळे चार दिशांना, पाय टेबलासारखे, आणि बदल्यात लोकांनी बेघर माणसांसाठी काम करणाऱ्या टर्निंग टाइड्स संस्थेला पैसे दिले, एक लाख पौंडांच्या वर. आपण इथं डोळ्यातला ठिपका निळसर का पांढरा यावर जागतोय. मला हे आठवलं की हसू पण येतं आणि थोडा राग पण येतो. पण त्याचं एक बरोबर होतं, त्यानं लोकांना हसवलं. रडवून पैसे एकदा मिळतात, पुढच्या महिन्यात तोच माणूस ती पोस्ट बघायच्या आधी अंगठ्यानं वर सरकवतो.

आमच्याकडं एक लाख पौंड काही आले नाहीत. पोस्टकार्डं बरी गेली, राखी झाली होती आणि गणपती तोंडावर होते त्यामुळं लोक देण्याघेण्याच्या मूडमध्ये होते. पोस्टकार्ड छापताना एक लक्षात ठेवा, काळं चित्र छपाईत आणखी काळं होतं, प्रूफ घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, मी प्रूफ बघून फाइल दोनदा उजळ करून घेतली तेव्हा कुठं ती निळी झाक कागदावर आली. मूळ चित्राची बोली मात्र मजेत चालली. एक बाई पुढं होत्या, त्यांना ड्रॉइंग रूमला काळा-राखाडी मॅच होत होता. शेवटी चित्र गेलं ते एका सिमेंट-वाळूच्या दुकानदाराकडं. त्यांनी चित्र बघून पहिला प्रश्न विचारला की पोतं कसलं आहे. तांदळाचं म्हणलं. म्हणाले हरकत नाही, गोडाऊनमध्ये लावतो, आमची माणसं पोती मोजताना फार चुकतात.

आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. मला वाटलं आता ऐकवणार. तर म्हणाले, "मला कुत्री आवडत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. चित्र छान आहे पण मला नको. एका कुत्रीच्या ऑपरेशनला किती लागतात ते सांगा."

मी डॉक्टर मॅडमचा नंबर दिला. मागच्या गल्लीतल्या तीन माद्यांचे पैसे काकांनी त्याच दिवशी भरले. अट एकच, भाद्रपद अंगात यायच्या आत झालं पाहिजे. नंतर डॉक्टर मॅडमनी सांगितलं की पैशापेक्षा मोठी मदत ही झाली की पहाटे पकडायला गाडी आली तेव्हा काका स्वतः टॉर्च घेऊन खाली उतरले. कुठली मादी कुठल्या गाडीखाली झोपते, कुठली माणूस बघून कुठल्या फटीतून पळते, कुठली मागच्या वर्षी व्यायली होती, सगळं तोंडपाठ! इतकी वर्षं रागानं का होईना, बाल्कनीतून नीट बघत होते ना. खायला घालणाऱ्या ताई पण होत्या, कारण त्यांच्या हाकेशिवाय त्या पोरी जवळ येत नाहीत. ती एक तपकिरी आहे ती मादी का नर यावरून दोघांची भर पहाटे जाळीवाल्या माणसासमोर वादावादी झाली. काका बरोबर निघाले. ताई म्हणतात अंधार होता.

ऑपरेशन झाली, टाके बघायला थोडे दिवस ठेवून घेतल्या, रेबीजची लस दिली आणि तिघींना परत त्याच गल्लीत आणून सोडलं. काकांना मी पावती पाठवली. त्यांचा मेसेज आला, पावती मिळाली, पण कानाचे फोटो पाठवा, पुरावा म्हणून. मी खाली जाऊन तिघींच्या कानांचे फोटो काढले, त्यातली एक काळी, तिचा परत तोच भोकाचा प्रकार, मग सकाळी ढगाळ असताना पुन्हा गेले आणि पाठवले.

काकांनी ते ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "तिन्ही कान तपासले. पार्किंगमध्ये कालपासून एक चौथी पांढरी दिसत आहे, तिचा कान अखंड आहे. कुणाची आहे? वर्गणी काढावी लागेल." पाच मिनिटांत ताईंनी अंगठा दिला. काकांना. पहिल्यांदाच.